कासिता म्हणजे नेमकं कोणतं घर?

प्रश्न असा: अमेरिकेतल्या, विशेषतः ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातल्या घरांच्या जाहिरातींत 'चार बेडरूम, शिवाय कासिता' असं लिहिलेलं असतं. हा शब्द कुठला, त्याचा अर्थ काय, उच्चार कसा करायचा आणि मराठीत त्याला काय म्हणायचं?

थोडक्यात उत्तर: शब्द स्पॅनिश आहे. 'कासा' म्हणजे घर आणि 'कासिता' म्हणजे छोटं घर, घरकुल. पण एवढ्यावर थांबलं तर चुका होतात, कारण या शब्दातलं लहानपण फुटांत मोजलेलं नाही. बोलणारा कोण, जवळ मोठं घर कोणतं आणि बोलण्यात माया आहे की विनय, यावर ते ठरतं. एकच शब्द राजवाड्याच्या आवारातल्या विलासगृहालाही लागतो आणि मोकळ्या प्लॉटवर फळ्या ठोकून उभारलेल्या खोपटालाही.

आधी शब्द फोडून पाहू. 'कासा'चा शेवटचा 'आ' काढला की 'कास्' उरतं. त्याला लघुत्वाचा प्रत्यय '-इत-' जोडायचा आणि स्त्रीलिंगाचा 'आ' परत लावायचा: कास् + इत् + आ. पुल्लिंगी शब्दाला शेवटी 'ओ' येतो, म्हणून 'लिब्रो' (पुस्तक) चं 'लिब्रितो' होतं. शिकणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे 'का + सिता' अशी फोड करणं. स्पॅनिशमध्ये '-सिता' असाही प्रत्यय खरोखर आहे, त्यामुळे ही चूक सहज होते. पण तो बहुधा 'न', 'र' किंवा 'ए' ने संपणाऱ्या शब्दांना लागतो: 'मुखेर' (बाई) चं 'मुखेरसिता', 'काफे'चं 'काफेसितो'. 'कासिता'तला 'स' मात्र मूळ शब्दाचाच आहे. तो प्रत्ययाचा मानला तर मूळ शब्द 'का' ठरतो आणि पुढची सगळी व्युत्पत्ती बिघडते.

उच्चारात जोर 'सि'वर आहे. शेवटचा वर्ण दंत्य 'त' आहे, 'ता'मधला. इंग्रजी बोलणारे 'कसीटा' म्हणतात, पण मराठी माणसाला तो फेरफटका मारायची गरज नाही. स्पॅनिश 'त' आणि आपला 'त' एकाच जागी, दातांना जीभ लावून होतात. स्पॅनिशमध्ये ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही, तेव्हा लिहिताना 'कविता', 'सरिता' यांच्या वळणावर 'कासिता' लिहिणं सोयीचं. रूपंही त्याच वळणाने चालवावीत: कासितेत, कासितेला, कासितेचं भाडं, आणि अनेकवचनात 'दोन कासिता', 'कासितांमध्ये'. 'कासिताज' हे इंग्रजीच्या वाटेने आलेलं रूप मराठी वाक्यात खटकतं.

आता उगम. स्पॅनिश 'कासा' लॅटिन 'कासा'वरून आला, पण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ घर नव्हता. तो होता झोपडी, कुडाचं खोपटं. नीट बांधलेल्या घराला रोमन लोक 'दोमुस' म्हणत. रोमचा संस्थापक मानल्या गेलेल्या रोम्युलसची झोपडी पॅलटाइन टेकडीवर जपून ठेवली होती, तिचं नाव 'कासा रोमुली'. हॅलिकार्नाससचा डायोनिसिअस हा ग्रीक इतिहासकार लिहितो की पडझड झाली की राखणदार तिची डागडुजी करत, पण तिला जास्त भव्य होऊ देत नसत. संगमरवरी रोमच्या मधोमध काटक्या आणि गवताची ती 'कासा' होती. शब्दाचा मूळ अर्थ लक्षात ठेवायला याहून चांगलं चित्र नाही.

मग झोपडीचं घर कसं झालं? बोलीभाषेतल्या लॅटिनमध्ये 'दोमुस' मागे पडला. तो देवाच्या घराकडे सरकला. इटलीत कॅथीड्रलला 'दुओमो' आणि जर्मनीत 'डोम' म्हणतात ते त्यामुळेच. सामान्य माणूस स्वतःच्या निवाऱ्याला 'कासा' म्हणत राहिला आणि तोच शब्द स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन आणि रोमानियनमध्ये घराचा मुख्य शब्द झाला. फ्रेंचांनी घरासाठी 'मेझों' हा वेगळा शब्द घेतला, पण 'कासा' त्यांच्याकडे 'शे' या छोट्या शब्दात उरला आहे. 'अमक्याच्या घरी' म्हणताना ते 'शे अमका' म्हणतात. म्हणजे झोपडीचा शब्द चढत चढत घर झाला, आणि मग छोट्या घरासाठी स्पॅनिशला त्यालाच पुन्हा लघुत्वाचा प्रत्यय लावावा लागला.

स्पॅनिशने टाकून दिलेल्या 'दोमुस'चा सख्खा भाऊ आपल्याकडे आहे. ऋग्वेदात घराला 'दम' म्हटलं आहे, आणि 'दम्पती' म्हणजे मुळात घराचा धनी. द्विवचनात त्याचा अर्थ नवरा-बायको झाला. आपण लग्नपत्रिकेवर 'दांपत्य' छापतो तेव्हा रोमनांच्या 'दोमुस'चाच भाऊबंद छापत असतो. स्पॅनिशनेही घरापासून लग्नापर्यंत हीच वाट वेगळ्या शब्दाने चालली: 'कासा'वरून 'कासार' म्हणजे लग्न करणं आणि 'कासादो' म्हणजे विवाहित. 'एल कासादो कासा किएरे' ही त्यांची म्हण, लग्न झालेल्याला स्वतःचं घर हवं असतं. आपला 'गृहस्थ' हा शब्द नेमका त्याच जागी उभा आहे.

याच शब्दाची एक फांदी आपल्या किनाऱ्यावरही उतरली. कोकणीत लग्नाला 'काजार' म्हणतात. ते पोर्तुगीज 'काझार'वरून आलं. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधला 'स' लिहिला तरी 'झ' उच्चारतात, म्हणून त्यांचं घर 'काझा' आणि लग्न करणं 'काझार'. कोकणीतला 'ज' हा 'बाजार'मधला आहे, त्यात तो 'झ' जपलेला दिसतो. आजच्या स्पॅनिशमध्ये तिथे स्वच्छ 'स' आहे. गोव्यातल्या घरांवर 'कासा' लिहिलेलं दिसतं ते पोर्तुगीज आहे आणि जुनी माणसं ते 'काझा' असंच वाचतात. ठाणे-डोंबिवलीकडच्या संकुलांच्या नावांत घातलेला 'कासा' मात्र इटालियन-स्पॅनिश थाटाचा, अलीकडचा.

इथे एक सावधगिरी. डहाणू तालुक्यात कासा नावाचं गाव आहे आणि मुरूडजवळच्या पद्मदुर्गालाही 'कासा किल्ला' म्हणतात. आवाज सारखा आहे एवढ्यावरून ही नावं या शब्दाला जोडू नयेत. शब्द कुणी, कधी, कोणत्या वाटेने आणला हे दाखवता आलं तरच नातं सिद्ध होतं. 'काजार'च्या बाबतीत गोव्यातली 1510 पासूनची पोर्तुगीज सत्ता, चर्चमधले विवाहविधी आणि 'झ'चा उच्चार हे तिन्ही दाखवता येतं.

मांडवी नदीतल्या जहाजांवरचे 'कॅसिनो' मात्र या घराण्यातलेच. इटालियन 'कासीनो' म्हणजे छोटं घर, म्हणजे अर्थाने कासिताच. आधी गावाबाहेरचं मौजेचं घर, मग लोक जमण्याची जागा, मग जुगाराची. कासानोवा या इटालियन आडनावाचा अर्थ 'नवं घर', आपल्या नवघऱ्यांसारखा. स्पेनचा माजी फुटबॉल गोलकीपर इकेर कासियास याचं आडनाव म्हणजे 'छोटी घरं'.

'कासियास' आलंच आहे तर लघुत्वाच्या बाकीच्या प्रत्ययांकडे वळू. भाषांतरात सर्वांत जास्त घोटाळे इथे होतात. 'कासिता' आणि 'कासिया' दोन्हींचा शब्दशः अर्थ छोटं घर, पण 'कासिया' आता स्वतंत्र अर्थाचा झाला आहे: बुद्धिबळाच्या पटावरचं घर, फॉर्ममध्ये खूण करायची चौकट, मेक्सिकोत मतदान केंद्र. आपणही पटावरच्या चौकोनाला 'घर'च म्हणतो, त्यामुळे मराठी वाचकाला हे पटकन पटतं. एखाद्याला 'त्याच्या कासियांतून बाहेर काढणं' म्हणजे त्याचं डोकं फिरवणं. 'कासेता' हे तिसरं भावंड. स्पेनमध्ये कुत्र्याचं घर किंवा सेव्हिलच्या जत्रेतला मांडव म्हणजे कासेता, मेक्सिकोत महामार्गावरचा टोलनाका. टोलनाक्याला 'छोटं घर' म्हणणारं भाषांतर वाचकाला रस्त्यातच सोडून देतं. 'कासोना' म्हणजे मोठा वाडा. तुच्छतेचा शब्द 'कासूचा' ('च' चहातला), आपल्या 'खुराडं'सारखा. 'कासिता'त तुच्छता नसते, हा फरक पक्का धरावा.

स्पेनमध्ये प्रदेशाप्रमाणे प्रत्यय बदलतो. अरागॉन आणि मुर्सियाकडे 'कासिका', अस्तुरियात 'कासिना', कांताब्रियात 'कासुका'. '-इतो, -इता' सर्वमान्य झाला तो नंतर. आधी '-इयो, -इया' जोरात होता. म्हणूनच जुन्या, रुळलेल्या शब्दांत '-इया' जास्त सापडतो आणि नव्या, जिवंत बोलण्यात '-इता'.

आपल्याकडे हेच काम '-कुल', '-टे', '-डी' करतात. 'घरकुल' म्हणजे छोटं घर राहिलं, पण 'घरटं' पक्ष्याकडे गेलं. एकाच मुळाला दोन प्रत्यय लागून एक शब्द घराशी राहिला आणि दुसरा वेगळ्या वस्तूचं नाव झाला. कासिता आणि कासिया यांचं नातं समजवायला घरकुल आणि घरटं यांच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

आता अर्थाच्या छटा. लॅटिन अमेरिकेत, त्यातही मेक्सिकोत, लघुत्वाचा प्रत्यय लहानपणापेक्षा मायेसाठी आणि नम्रतेसाठी जास्त वापरतात. पाच खोल्यांचं घर बांधणारा माणूसही 'मी कासिता केली' म्हणतो. 'गरिबाघरी पायधूळ झाडा' म्हणणाऱ्या मराठी माणसाचं घर जसं खरोखर गरिबाचं असेलच असं नाही, तसंच हे. मेक्सिकोत विनय आणखी पुढे जातो: स्वतःच्या घराविषयी बोलताना 'तुमचं घर' म्हणतात. 'आज रात्री तुमच्या घरी जेवण आहे' हे मेक्सिकन वाक्य ऐकून नवखा माणूस गोंधळतो. त्याचा अर्थ बोलणाऱ्याच्याच घरी, असा असतो. आणि मुलं 'कासितास' खेळतात तेव्हा ती आपली भातुकली असते. इथे 'छोटी घरं खेळतात' असं भाषांतर करणं म्हणजे बालपणच हरवणं.

या शब्दाला गरिबीची सक्ती नाही, याचा ठोस पुरावा माद्रिदजवळ एल एस्कोरियाल इथे आहे. तिथली 'कासिता देल प्रिन्सिपे', म्हणजे राजपुत्राची कासिता, वास्तुकार हुआन दे विय्यानुएवा याने 1770 च्या दशकात बांधली. पुढे चौथा कार्लोस म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्रासाठी ती होती. बाग, रेशमी भिंती, रंगवलेली छतं, सगळं आहे. मग कासिता का? मागे एस्कोरियालचा तो अवाढव्य मठ-राजवाडा उभा आहे, म्हणून. त्याच्या शेजारी काहीही कासिताच ठरेल.

हीच शेजारणीची भूमिका अमेरिकेच्या नैर्ऋत्येत टिकून राहिली. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कॅलिफोर्निया आणि टेक्सास हे सगळे पूर्वी मेक्सिकोत होते. टेक्सास आधीच फुटला होता, बाकीचा बहुतेक मुलूख 1848 च्या ग्वादालुपे इदाल्गो तहाने अमेरिकेकडे गेला, आणि तूसान शहरासह दक्षिण ॲरिझोना 1853 च्या खरेदी कराराने. सरहद्द सरकली, बोलणारे जागेवरच राहिले, आणि घराचे शब्द इंग्रजीत रुजले: पातिओ (अंगण), आदोबे, आसिएंदा (मोठ्या जमिनीवरचा वाडा), कासिता.

न्यू मेक्सिकोतली जुनी कासिता आदोबेची, म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची. 'आदोबे' हा शब्द अरबी 'अत्-तूब'वरून स्पॅनिशमध्ये आला आणि त्यामागे प्राचीन इजिप्तचा विटेचा शब्द आहे. तिथली प्रचलित वीट 10 × 14 × 4 इंचांची, वजन सुमारे 30 पौंड. सपाट धाबं, ते पेलणाऱ्या गोल लाकडी तुळया म्हणजे 'विगा', त्यांवर आडव्या काटक्या आणि वर माती. मराठवाड्यातलं धाब्याचं घर ज्याने पाहिलं आहे त्याला ही रचना लगेच ओळखू येईल. या भिंतींना मातीचाच गिलावा हवा. सिमेंटचा गिलावा दिला की भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही आणि आतली माती भिजून ढासळते, वरून मात्र सगळं ठीक दिसत राहतं. रांचोस दे ताओस इथल्या सान फ्रान्सिस्को दे आसिस चर्चला 1967 मध्ये सिमेंट लावलं होतं. आत ओल साठल्यावर ते काढून 1979 मध्ये पुन्हा मातीचा गिलावा केला. जुनी कासिता विकत घेणाऱ्याने सर्वांत आधी बोट लावून पाहायची ती हीच गोष्ट.

आजच्या जाहिरातीतली कासिता बहुधा लाकडी सांगाड्याची असते. मुख्य घराच्याच प्लॉटवर, अंगणाच्या पलीकडे किंवा पुढच्या पातिओला लागून, स्वतःचं दार आणि स्वतःचं न्हाणीघर असलेली. भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांसाठी तिकडची मराठी कुटुंबं अशीच जागा शोधतात. इथे एक भेद नीट समजून घ्यावा. 'कासिता' हा जाहिरातीचा शब्द आहे. कायद्याच्या भाषेत 'दुय्यम निवासी घटक' म्हणायला राहणं, झोपणं, खाणं, स्वयंपाक आणि स्वच्छता या सगळ्यांची कायमची सोय लागते. शेगडीची जोडणी नसलेली, फक्त सिंक आणि छोटा फ्रिज असलेली खोली जाहिरातीत कासिता असते, कायद्यात स्वतंत्र घर नसते. भाड्याने द्यायच्या हिशेबाने ती घेणारा इथेच फसतो. म्हणून विचारायचं ते असं: स्वयंपाकाची मंजूर सोय आहे का, बांधकाम परवाना कोणत्या वापरासाठी काढला होता, गॅरेजचं नंतर रूपांतर केलं आहे का, वीज आणि सांडपाणी मुख्य घरातून येतं की स्वतंत्र, आणि वसाहतीच्या संघाचे नियम काय सांगतात.

ॲरिझोनात तर हा शब्द राजकारणातही गाजला. तिथलं 'हाऊस बिल 2720' बोलताना लोक 'कासिता बिल' म्हणत. मे 2024 मध्ये त्यावर राज्यपालांची सही झाली. 75,000 पेक्षा जास्त वस्तीच्या शहरांना 1 जानेवारी 2025 पर्यंत एका कुटुंबाच्या घराच्या प्लॉटवर अशा घरांना मुभा देणं बंधनकारक झालं. क्षेत्रफळाची हद्द मुख्य घराच्या 75 टक्के किंवा 1,000 चौरस फूट, यांपैकी जे कमी ते. मालक आणि राहणारा यांच्यात नातं असलंच पाहिजे अशी अट शहराला घालता येत नाही. कॅलिफोर्नियात 2020 पासून 800 चौरस फूट, 16 फूट उंची आणि बाजूला-मागे 4 फूट अंतर या मर्यादेतलं घर शहराला सहसा नाकारता येत नाही.

आता हे आकडे शेजारी ठेवा. 1,000 चौरस फूट म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. आपल्याकडे प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह 25 चौरस मीटर आहे. ॲरिझोनातल्या या हद्दीतल्या मोठ्यात मोठ्या कासितेत अशी तीन घरकुलं बसून जागा उरेल. मुंबईत 1,000 चौरस फुटांच्या फ्लॅटला कुणी छोटं म्हणणार नाही. शब्दकोशातला अर्थ दोन्हीकडे एकच, छोटं घर. म्हणून भाषांतरात 'कासिता = घरकुल' असं सरसकट समीकरण चालत नाही; मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सरकारी योजनेचं घर उभं राहतं आणि जाहिरातीचा अर्थच उलटतो.

न्यू यॉर्कमधली कासिता आणखी वेगळी. 1970 च्या दशकात साउथ ब्राँक्समध्ये जळालेल्या आणि पाडलेल्या इमारतींचे प्लॉट ओस पडले होते. पोर्तो रिकोहून आलेल्या लोकांनी तिथला कचरा उपसला, भाजीपाला लावला आणि मधोमध लाकडाची, पत्र्याच्या छपराची, भडक रंगाची छोटी घरं उभारली, पुढे ओटी असलेली, त्यांच्या बेटावरच्या खेड्यात असतात तशी. त्यात कुणी राहत नसे. तिथे डॉमिनोज खेळायचे, रांधायचं, 'बोम्बा' आणि 'प्लेना' हे पोर्तो रिकोचं लोकसंगीत वाजवायचं. त्यांतली 'रिंकोन क्रिओयो' सर्वांत नावाजलेली. या कासितेला 'आउटहाऊस' म्हणणं साफ चूक, आणि 'घर' म्हणणंही अपुरं. आपल्या गावातली चावडी किंवा पार तिला जास्त जवळचा.

मग मराठीत काय लिहावं? मालमत्तेच्या मजकुरात 'कासिता' तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'आवारातलं स्वतंत्र छोटं घर' असं एकदा उलगडून सांगावं. 'आउटहाऊस' हा शब्द मराठीत चालतो, पण त्याला नोकरांच्या खोलीचा वास आहे, आणि अमेरिकन इंग्रजीत तर त्याचा अर्थ अंगणाबाहेरचा संडास होतो. तिथल्या एजंटशी बोलताना तो मुळीच वापरू नये. कथा-कवितेत 'मी कासिता' (माझी कासिता) आली आणि बोलण्यात ओलावा असेल तर 'माझं घरकुल' बिनधास्त लिहावं. विनय असेल तर 'आमचं साधंसं घर'. आणि शब्दाच्या शेवटी '-इतो, -इता' ऐकू आलं की ते छोटंच असेल असं धरू नये: मेक्सिकोत 'काफेसितो' मागवला तर कप नेहमीच्याच मापाचा येतो.